घरी शिकणाऱ्या लेकराचं गणित: पुस्तक नंतर, आधी वही कोण तपासणार ते ठरवा

परभणीहून एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी पावणेचौदा वर्षांची. सातवीनंतर शाळा सोडली, गेलं वर्षभर घरीच शिकते. वाचन, इतिहास, चित्रकला मजेत चालू आहे, गाडं अडलंय ते गणितावर. ताई विचारतात, "स्टेट बोर्डाची पुस्तकं धरावीत, एनसीईआरटीची, ओपन स्कूलची, की बाहेरच्या देशातला एखादा अभ्यासक्रम? ऑनलाइन क्लास कोणता लावू? आणि दीर म्हणतात, पोरीला डॉक्टरकीची नीट परीक्षाच द्यायची असेल तर गणितामागं एवढं लागायचं कशाला?"

ताई, मी लातुरात चोवीस वर्षं गणित शिकवतोय. घरी शिकणारी लेकरं माझ्याकडं गेल्या सात-आठ वर्षांत यायला लागली. तुम्ही पुस्तकाचं नाव विचारलंय आणि ते मी सांगणारच आहे. पण त्याच्या आधी मला एक सांगा, तुमच्या लेकीची वही कोण बघतं? उत्तर बरोबर आलं का एवढंच नव्हे. ओळीखाली ओळ तिनं काय लिहिलंय, ते रोज नाही तर आठवड्यातून तीनदा कोण वाचतं? कुणीच वाचत नसेल तर जगातला सगळ्यात चांगला अभ्यासक्रम आणला तरी तो घरात नुसता पडून राहील.

अंबाजोगाईकडचे एक गृहस्थ पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा हुशार. खान अकॅडमीवर समीकरणांचे सगळे धडे पुरे केलेले, टॅबवर गुणच गुण. मी कोरा कागद पुढं केला आणि म्हटलं, एका संख्येच्या दुपटीत सात मिळवले तर एकोणीस येतात, संख्या काढ. पोरानं झरझर लिहिलं:

२क्ष + ७ = १९ = १२ = ६

उत्तर सहा, बरोबर. टॅबनं शाबासकीच दिली असती. पण कागद काय म्हणतोय? एकोणीस बरोबर बारा, बारा बरोबर सहा! त्याच्या लेखी "=" म्हणजे "आता पुढचं उत्तर" एवढंच होतं. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या असतात, तराजूसारख्या, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं, कारण त्यानं काय लिहिलं ते कधी कुणी पाहिलंच नव्हतं. एका चलाच्या समीकरणात हे खपून जातं. दोन चलांची एकसामयिक समीकरणं आली की सगळा डोलारा कोसळतो. ती एक सवय मोडायला आम्हाला दोन महिने लागले. वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण सर, स्कोर तर शंभर यायचा."

खान अकॅडमीवर माझा राग नाही, उलट फुकटात इतकं चांगलं दुसरं काही नाही. सरावाला मी तीच सुचवतो. पण तिथं उत्तर टाइप होतं, रीत दिसत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे: पडद्यावर सोडवलेलं प्रत्येक उदाहरण आधी वहीत, मग पडद्यावर.

आता लेक नेमकी कुठं आहे ते बघू. वयानं आठवीची असली म्हणून गणितानं आठवीची असेलच असं नाही. शाळेतल्याही अर्ध्या वर्गाचं तेच असतं, तिथं ते झाकलं जातं इतकंच. पुढची पाच उदाहरणं तिला द्या. वेळ लावू नका, शेजारी बसून टोकूही नका.

पाऊण लिटर दुधात अर्ध्या लिटरची पिशवी किती वेळा भरेल? उणे तीनमधून उणे आठ वजा केले तर किती? सोयाबीन पाच हजार रुपये क्विंटल होतं, आधी दहा टक्क्यांनी उतरलं, मग दहा टक्क्यांनी चढलं, तर पुन्हा पाच हजार झालं का? ३(क्ष − २) = क्ष + ८ यात क्ष किती? आणि शेवटचं, (अ + ब)² हे अ² + ब² पेक्षा मोठं का, ते चौकोन काढून दाखव.

उत्तरं अनुक्रमे दीड, पाच, नाही (चार हजार नऊशे पन्नासवर थांबतं) आणि सात. शेवटच्यात दोन जादा आयत दिसायला हवेत. पहिल्याच प्रश्नाला दांडी उडणारी मुलं मी फार पाहिलीत. तेच "३/४ भागिले १/२" असं लिहून दिलं तर दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणतात, उत्तर बिनचूक. दूध म्हटलं की गप्प. म्हणजे रीत पाठ आहे, अर्थाचा पत्ता नाही. दोन किंवा जास्त प्रश्न अडले तर सरळ बालभारतीची सहावी-सातवीची पुस्तकं काढा. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. "आठवीच्या पोरीच्या हातात सहावीचं पुस्तक" असं म्हणणारं घरात कुणी नसतं, हाच तर घरी शिकण्याचा मोठा फायदा. तो घ्या. अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी ही चार कामं घट्ट झाली की सहावी ते आठवीचा बराचसा डोंगर चार-पाच महिन्यांत पार होतो.

जाता जाता, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी विचारा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे नातीला कळलं की ती चकित होईल. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे अपूर्णांकांना घरचे शब्द आहेत. "तीन छेद चार" म्हणून ते परके करायची काही गरज नाही.

आता पुस्तकांकडं. इथं मी उलटीकडून सुरुवात करतो: दहावीचा दाखला कुठून घ्यायचा? ते ठरलं की पुस्तकाचा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो.

एक वाट आपल्याच राज्य मंडळाची, खाजगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून. परभणी छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतं (लातूर मंडळाकडं लातूर, नांदेड, धाराशिव). फॉर्मच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून पावसाळा सुरू झाला की मंडळाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जपून ठेवा. गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित ४० आणि भूमिती ४०, वर २० गुण अंतर्गत. त्या वीस गुणांचं काय करायचं ते संपर्क केंद्र म्हणून मिळालेल्या शाळेत स्वतः जाऊन विचारा, फोनवर उरकू नका.

दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा. १९८९ पासूनची केंद्र सरकारची संस्था. दहावीसाठी वय चौदा पूर्ण हवं, पाच विषय, माध्यम मराठीही घेता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा, शिवाय मागणीनुसार परीक्षेची सोय. पाच वर्षांत एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. घरी शिकणाऱ्यांना ही मोकळीक फार उपयोगी पडते: गणित तयार झालं की गणिताचा पेपर, बाकीचे सावकाश. पण एक खड्डा आहे. तिथं गणित न घेताही दहावी होता येतं, आणि चौदाव्या वर्षी वैतागलेलं लेकरू नेमकं तेच मागतं. ऐकू नका. पुढं पॉलिटेक्निक किंवा शास्त्र शाखा मनात आली तर दार तिथंच अडतं.

माझा कौल? लेक मराठी माध्यमातली असेल आणि पुढं इथल्याच कॉलेजात जायचं असेल तर अभ्यास राज्य मंडळाच्या पुस्तकांवर करावा. परीक्षा सतरा नंबरनं की एनआयओएसनं, ते नववीचं पुस्तक संपताना ठरवा. दोन्हींचा गाभा बराचसा एकच आहे, एनआयओएसचं पुस्तक शेवटचे चार-सहा महिने हातात असलं तरी भागतं. राज्य मंडळाच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता लिहून घेतात, कंपासपेटी काढून रचना करायला लावतात, ते मला आवडतं. बीजगणितात अर्थनियोजनाचं प्रकरण आहे, जीएसटी आणि शेअर्सचं. पोरांना कंटाळवाणं वाटतं, पण वडिलांच्या दुकानाचं किंवा खताच्या दुकानाचं बिल समोर ठेवलं की धडा दोन दिवसांत संपतो. दुबळी बाजू म्हणजे विचार करायला लावणारी उदाहरणं कमी. ती भर एनसीईआरटीच्या पुस्तकातून घालावी. त्यांची सहावी ते आठवीची नवी "गणित प्रकाश" पुस्तकं कोडी आणि नमुने घेऊन येतात. आठवड्यातला एक दिवस त्यांचा.

परदेशी अभ्यासक्रमांबद्दल लोक फार हळवे असतात, म्हणून नीट सांगतो. अमेरिकी पद्धतीत बीजगणित एक वर्ष, भूमिती पुढचं वर्ष, मग पुन्हा बीजगणित असे विषय वेगवेगळे लावतात. आपल्याकडं दरवर्षी सगळ्यातलं थोडं थोडं. मधूनच उडी मारली की भोकं पडतात. वर्षभर त्यांचं बीजगणित केलेलं लेकरू समीकरणं सुरेख सोडवतं, पण समरूप त्रिकोण म्हटलं की तोंडाकडं बघतं. वर फूट, गॅलन आणि डॉलरमधली उदाहरणं. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची चांगली परीक्षा आहे, त्यांच्या गणितात आता एक पेपर कॅल्क्युलेटरशिवायही असतो. पण खाजगी विद्यार्थ्याला घेणारं केंद्र शोधायला तुम्हाला पुण्या-मुंबईकडं बघावं लागेल आणि फी पौंडांच्या हिशेबानं चालते. लेक पुढं परदेशी जाणार हे पक्कं असेल तरच त्या वाटेला जा.

अपवाद एकच: गणितावर जीव असलेलं लेकरू. त्याच्यासाठी आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्विंग या अमेरिकी संस्थेची पुस्तकं आहेत आणि अल्कुमस नावाची त्यांची सरावाची सोय फुकट आहे. प्रत्येक पुस्तकाआधी "तयारी आहे का" ही चाचणीही फुकट देतात, ती प्रामाणिक असते. इंग्रजी मात्र चांगलं लागतं. त्यांचे ऑनलाइन वर्ग चेहऱ्याचे नसतात, सगळं लिहूनच चालतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला वर्ग सुरू झाला की आपल्याकडं ऋतूनुसार पहाटेचे पाच किंवा सहा. नांदेडच्या एका मुलीनं हे सहा महिने निभावलं. आई चहा घेऊन शेजारी बसायची. असं लेकरू पुढं गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीचे, आयओक्यूएमचे जुने पेपर मिटक्या मारत सोडवतं. पण जिचं गाडं अडलंय तिला यात ढकलू नका. अबॅकस आणि वैदिक गणिताबद्दल लोक विचारतातच: चौदाव्या वर्षी त्यात पैसे घालू नका.

माध्यमाचंही बघा. सातवीपर्यंत सेमी इंग्रजी असेल तर गणित इंग्रजीतच ठेवा, पूर्ण मराठी असेल तर दहावीपर्यंत मराठीत ठेवून शब्दांची दुहेरी यादी करा: सहगुणक म्हणजे कोएफिशंट, समरूप म्हणजे सिमिलर, एकरूप म्हणजे काँग्रुअंट. अकरावीत हीच वही कामी येते. मुलं ऐकून लिहिताना त्रेपन्नचे पस्तीस करतात, ते घाईघाईनं "गणितात कच्ची" या खात्यात टाकू नका. मराठीत आधी तीन ऐकू येतो, इंग्रजीत आधी पन्नास. कान सरावायला वेळ लागतो.

आता ऑनलाइन क्लास. आधी माझी स्वतःची फसगत सांगतो. करोनाच्या काळात भाच्यासाठी मी एका मोठ्या कंपनीचं वर्षाचं पॅकेज घेतलं. विक्रीवाला दोन तास घरी बसला, भाच्याची चाचणी घेतली, "मुलात स्पार्क आहे" म्हणाला, हप्ते बांधून गेला. नंतर कळलं, ते हप्ते म्हणजे माझ्या नावावरचं कर्ज होतं. वर्गात किती मुलं होती देव जाणे. शिक्षक एकदम तयार, चित्रं हलायची, रंग उडायचे. भाचा तीन महिन्यांत एकदाही काही बोलला नाही आणि त्याची वही एकदाही कुणी मागितली नाही. बंद करायला गेलो तर फोन उचलणारं कुणी नाही. गणिताचा मास्तर असून मी करारपत्र वाचलं नाही, दोष माझाही आहे.

तेव्हापासून क्लासवाल्यांना मी मोजकंच विचारतो. वर्गात मुलं किती? आठ-दहाच्या वर गेली की तो क्लास नव्हे, फी लावलेला यूट्यूब. यूट्यूब आणि सरकारचं दीक्षा ॲप तर फुकट आहे. गृहपाठाच्या वहीचे फोटो कोण तपासतं, तेच शिक्षक की दुसरंच कुणी, आणि चूक कुठं झाली ते लिहून देतात की नुसती बरोबरची खूण? तीन तपासलेल्या वह्यांचे फोटो दाखवा म्हणावं, नावं झाकून. जो खरोखर तपासतो तो लगेच दाखवतो. फी महिन्याची की वर्षाची? वर्षाची एकदम मागणाऱ्याला नमस्कार करा. वीज गेली तर रेकॉर्डिंग मिळतं का, हे मराठवाड्यात विचारलंच पाहिजे.

डेमोला लेकीच्या मागं बसा, पडद्याकडं नव्हे, तिच्या हाताकडं बघा. तासाभरात पेन किती मिनिटं चाललं? वीस मिनिटांच्या खाली असेल तर पोरगी सिनेमा बघत होती. आणि शिक्षकानं चुकीच्या उत्तरावर काय केलं, तेही टिपा. "चूक, पुढचा कोण सांगतो?" म्हणणारा नको. "हे कसं काढलंस, सांग बरं" म्हणणारा हवा, मग त्याचा कॅमेरा धूसर का असेना.

खरं तर तुमच्या लेकीला रोजच्या क्लासची गरज असेल असं मला वाटत नाही. आठवड्याला दोन तास, एकटीला किंवा तीन-चार जणांत, आणि मधल्या दिवसांत स्वतःचा सराव. असा शिक्षक शोधायला कंपनीच लागते असं नाही. तुमच्या गावात निवृत्त झालेले गणिताचे सर-मॅडम असतील, बीएड करणारी एखादी हुशार मुलगी असेल. व्हॉट्सॲपवर वहीचे फोटो आणि दोन तास व्हिडिओ कॉल, एवढ्यात भागतं. उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेला की दुपारी कुणाचंच डोकं चालत नाही. सकाळी सात ते पावणेआठ, आठवड्यातले सहा दिवस. दीड तास एकदम बसवण्यापेक्षा हे बरं.

घरी शिकणाऱ्यांना शाळेत कधीच जमणार नाही अशी एक गोष्ट जमते, तीही करा. गेल्या उन्हाळ्यात औशाकडच्या एका मुलीला मी शेततळं मोजायला सांगितलं. वर तीस मीटर बाय तीस मीटर, खोली तीन मीटर. ती पटकन म्हणाली, तीस गुणिले तीस गुणिले तीन, दोन हजार सातशे घनमीटर. म्हटलं, जाऊन बघ. गेली, टेप लावला, आणि कडा उतरत्या आहेत हे लक्षात आलं. तळ निघाला चोवीस बाय चोवीस. दहावीच्या भूमितीत शंकूछेद आहे, म्हणजे बादलीसारखा आकार, गोल तोंडाचा. हा चौकोनी. तिनं सूत्र पुढं ठेवलं आणि तासभरानं फोन आला, "सर, त्रिज्यांच्या जागी बाजू टाकल्या आणि पाय (π) काढून टाकला तर चालेल का?" चालतं. उंचीचा तिसरा भाग, गुणिले नऊशे अधिक पाचशे शहात्तर अधिक सातशे वीस: दोन हजार एकशे शहाण्णव. ते सातशे वीस म्हणजे तीस गुणिले चोवीस, ते कुठून आलं यावर आणखी एक आठवडा गेला.

फरक पडला पाचशे चार घनमीटरचा, म्हणजे पाच लाख चार हजार लिटर. मी तिला सांगितलं, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटरच पाणी होतं. म्हणजे तू पहिल्या हिशेबात जेवढं चुकलीस, तेवढ्यासाठी सगळं शहर स्टेशनवर गेलं होतं. चार लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, माणशी किती आलं ते तिनंच काढलं. सव्वा लिटर. मग बराच वेळ बोलली नाही.

दिरांच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. आमच्या लातुरात नीटवाल्यांचं राज्य आहे, अकरावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडणाऱ्यांच्या रांगा मी रोज बघतो. नीटच्या पेपरात गणित विषय नाही, खरंय. पण भौतिकशास्त्र आहे, आणि तिथं आलेख, त्रिकोणमिती, घातांक, लॉगॅरिथम, सदिश यांच्याशिवाय पान हलत नाही. अकरावीत भौतिकशास्त्र जमत नाही म्हणून रडत येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचं दुखणं आठवी-नववीच्या बीजगणितात निघतं. शिवाय पावणेचौदा वर्षांच्या पोरीचं नीट ठरलंय कुणाचं?

तर ताई, पहिला महिना काही विकत घेऊ नका आणि क्लासही लावू नका. ती पाच उदाहरणं, सहावी-सातवीची पुस्तकं आणि दोनशे पानी एक वही. महिन्यानं वहीची शेवटची दहा पानं फोटो काढून मला पाठवा, मग शिक्षक कसा शोधायचा ते बोलू. आणि पाठवायच्या आधी लेकीला वही सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढायला लावू नका. खाडाखोड तशीच असू द्या, मला तीच बघायची आहे.